कमी चाललेली गाडी आणि घासाघीस
जुनी गाडी विकत घेताना ती कमी चाललेली असेल तर किमतीत घासाघीस करायला वावच उरत नाही, असे काही जण म्हणतात; ते मला पटत नाही, कारण रबर आणि बेल्ट केवळ किलोमीटरने नव्हे, तर वर्षांनीही जुने होतात. टायरच्या कडेवर ‘डॉट’ (DOT) या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात, ते टायर कधी बनला हे सांगतात; २३१७ म्हणजे २०१७ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी कोरी करकरीत दिसली तरी असे जुने टायर बदलण्याचा खर्च मागितलेल्या किमतीतून वजा करायला नि:संकोच सांगावे. फेरारी एफ३५५ या स्पोर्ट्स कारमध्ये तर टायमिंग बेल्ट (इंजिनातील झडपांची उघडझाप पिस्टनशी जुळवून ठेवणारा पट्टा) बदलण्यासाठी अख्खे इंजिन खाली उतरवावे लागते, त्यामुळे बेल्ट शेवटचा कधी बदलला याचे बिल पाहिल्याशिवाय अशा गाडीसाठी मी आकडा बोलतच नाही.