शब्दचर्चा : सूक्ष्म प्लाझ्माचे ‘तापमान’

प्रश्न : सूक्ष्म प्लाझ्मावरील (म्हणजे अतिशय अरुंद जागेत पेटवलेल्या, अणूंपासून इलेक्ट्रॉन सुटे झालेल्या वायूवरील) एका लेखात हेलियमच्या एकाच झोताचे तापमान आधी 350 केल्व्हिन आणि पुढच्या परिच्छेदात 15,000 केल्व्हिन दिले आहे. दोन्ही आकडे उत्सर्जित प्रकाशावरूनच काढले आहेत. हा मुद्रणदोष आहे, की ‘तापमान’ या शब्दाचा येथे काही वेगळा अर्थ आहे?

उत्तर : मुद्रणदोष नसावा, दोष असलाच तर तो विशेषण गाळण्याचा आहे. एरवीच्या वायूत सगळे कण एकमेकांवर आदळून ऊर्जा वाटून घेतात, म्हणून एकच तापमान सांगून भागते. एक मिलिमीटरहून अरुंद जागेत पेटवलेल्या प्लाझ्मात तसे घडत नाही. तिथले विद्युत क्षेत्र हलक्या इलेक्ट्रॉनांना जोराने पळवते, पण इलेक्ट्रॉन जड अणूवर आपटून उसळताना आपल्या ऊर्जेचा फारच थोडा अंश त्याला देतो; शिवाय भिंती किंवा बाहेरची हवा इतकी जवळ असते की वायूला मिळालेली उष्णता लगेच निघून जाते. त्यामुळे वातावरणीय दाबालाही ‘इलेक्ट्रॉन तापमान’ दहा हजार केल्व्हिनच्या वर आणि ‘वायुतापमान’ खोलीतल्या हवेपेक्षा थोडेसेच अधिक राहू शकते. यांतील पहिले पुष्कळदा इलेक्ट्रॉनव्होल्टमध्ये देतात. 1 इलेक्ट्रॉनव्होल्ट म्हणजे सुमारे 11,600 केल्व्हिन.

‘प्लाझ्मा’ हा शब्द या अर्थाने 1928 मध्ये वापरात आणणारे अमेरिकन शास्त्रज्ञ अर्व्हिंग लँगम्यूर यांचीच, बारीक तार आत सरकवून प्रवाह मोजण्याची पद्धत येथे सहसा चालत नाही, कारण अर्ध्या मिलिमीटरच्या पोकळीत ती तारच प्लाझ्माचे स्वरूप बदलून टाकते. म्हणून उत्सर्जन वर्णपटाचा, म्हणजे प्लाझ्मातून निघणाऱ्या प्रकाशाच्या तरंगलांबीनुसार केलेल्या विभागणीचा, आधार घ्यावा लागतो. (‘आयनद्रायू’ हा मराठी शब्द अर्थवाही आहे, पण प्रयोगशाळेत ‘प्लाझ्मा’च बोलले जाते.)

प्रश्न : मग लेखांत ‘घूर्णन तापमान’ आणि ‘उद्दीपन तापमान’ अशी आणखी नावे का दिसतात?

उत्तर : कारण वर्णपट वायूचे तापमान थेट सांगत नाही. झोतात मिसळलेल्या हवेतील नायट्रोजनचा 337.1 नॅनोमीटरजवळ एक पट्ट दिसतो. त्यातील बारीक रेषांच्या तीव्रता रेणू किती वेगाने फिरत आहेत यावर अवलंबून असतात आणि त्यांवरून निघते ते घूर्णन तापमान. रेणूंच्या टकरा पुरेशा वारंवार होत असतील तरच ते वायुतापमानाइतके मानता येते. उद्दीपन तापमान (अणू किती प्रमाणात वरच्या ऊर्जापातळ्यांवर चढले आहेत याचे माप) मात्र एकाच अणूच्या अनेक रेषांची तीव्रता ताडून काढतात. त्यालाच इलेक्ट्रॉन तापमान म्हणण्याची सवय मला घातक वाटते, कारण स्थानिक औष्णिक समतोलाच्या, म्हणजे त्या जागी सगळ्या कणांचे तापमान एकच असण्याच्या स्थितीच्या, जवळपासच ती दोन्ही एक होतात, आणि सूक्ष्म प्लाझ्मा त्या समतोलापासून बहुधा दूर असतो.

प्रतिसाद : वरील विवेचनाला एक पुस्ती जोडावीशी वाटते. झोत हेलियमऐवजी अरगॉनचा असेल, तर अरगॉनचे दीर्घकाळ उद्दीपित राहणारे अणू आपली ऊर्जा नायट्रोजनला देतात आणि तो रेणू मुळातच अधिक वेगाने फिरत जन्मतो. अशा वेळी 337.1 नॅनोमीटरच्या पट्टावरून वायुतापमान खऱ्यापेक्षा जास्त येण्याची शक्यता असते. त्यामुळे ‘घूर्णन तापमान’ लिहिताना ते कोणत्या रेणूचे आणि कोणत्या पट्टावरून काढले, हेही सोबत लिहावे.