झोप, ईईजी (मेंदूच्या लहरींची तपासणी) आणि एलडी (लर्निंग डिसॅबिलिटी, म्हणजे अध्ययन अक्षमता) : आधी कुठली तपासणी करावी? (सांगली-मिरज)

नमस्कार मंडळी,

माझा मुलगा नऊ वर्षांचा, चौथीत आहे. आम्ही तासगावजवळ राहतो. तोंडी हिशोबात एकदम चुणचुणीत, पण वाचायला बसला की अडतो. 'घर'चं 'धर' होतं, 'भात'चा 'मात'. परवा रात्री 'पुस्तक', 'शिष्य', 'चक्र' असे दहा शब्द घोटून घेतले. झोपताना दहाच्या दहा बरोबर. सकाळी दूध पिताना तीच वही पुढ्यात ठेवली तर तीन आले. बाकीचे शब्द जणू कधी पाहिलेच नव्हते. शाळेत त्याला आळशी म्हणतात. तो आळशी नाही हो, चार ओळी वाचताना त्याच्या कपाळावर घाम येतो.

मिरजेला बालरोगतज्ज्ञांना दाखवलं. त्यांनी अभ्यासाचं थोडं आणि झोपेचंच जास्त विचारलं. घोरतो का? तोंड उघडं ठेवून झोपतो का? अजून अंथरूण ओलं करतो का? तिन्हींना हो. इतकी वर्षं मी घोरणं सर्दीवर ढकलत होते, याचं फार वाईट वाटलं.

त्यांच्या म्हणण्याप्रमाणे दिवसभर शिकलेलं मेंदू झोपेत पक्कं करतो. त्या वेळी ईईजीत सेकंदाला ११ ते १६ वेळा हलणाऱ्या लहरींचे छोटे झुबके दिसतात, त्यांना स्पिंडल म्हणतात. अ‍ॅडेनॉइड (नाकामागे, घशाच्या वरच्या भागातली गाठ) वाढून श्वास अडला की झोप सारखी तुटते आणि हे काम अर्धवट राहतं. दुसरं म्हणजे काही मुलांना झटका दिसत नाही, पण झोपेत मेंदूत फिटसारख्या लहरी उठतात, म्हणून ईईजी झोपेतच काढायचा. मात्र ईईजीवरून एलडी ठरत नाही, त्यासाठी मानसशास्त्रज्ञांची वेगळी चाचणी असते. झोप सुधारली तरी एलडी असेल तर ती राहतेच, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं.

आता माझे प्रश्न.

अ‍ॅडेनॉइडचं ऑपरेशन झालेल्या मुलांचं वाचन सुधारलं का, की फक्त चिडचिड कमी झाली? ईईजीसाठी रात्री उशिरा झोपवून पहाटे चारला उठवायला सांगितलंय, डोक्याला तेल नको. अनोळखी खोलीत, डोक्याला वायरी लावल्यावर तुमची मुलं झोपली कशी? एलडीची चाचणी लगेच करावी की घशाचे उपचार झाल्यावर? आमचे हे थांबू म्हणतात. पण दहावीला जादा वेळ, लेखनिक अशा सवलती प्रमाणपत्रावरच मिळतात, म्हणून मला उशीर नको वाटतो.

अजून एक. या वयाला ९ ते १२ तास झोप हवी. पण द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीनंतर फवारण्या सुरू झाल्या की पहाटेच दारात फवारणीचा ब्लोअर धडधडतो आणि हा दचकून उठतो. हंगाम संपेपर्यंत त्याला सांगलीला आत्याकडे ठेवावं का? आईशिवाय राहण्याचा उलटा परिणाम तर होणार नाही ना?