मदत हवी आहे: नोकरी सांभाळून स्वतःचा गेम, पण करारातल्या कलमाचं काय?

बाणेरच्या एका स्टुडिओत गेमप्ले प्रोग्रामर आहे. संध्याकाळी पथकात ताशा वाजवतो. त्यातूनच तालावरचा एक छोटा गेम घरी बनवतोय. लॅपटॉप माझा, गेम बनवायचं सॉफ्टवेअर म्हणजे इंजिन गोडो (एमआयटी हा मुक्त परवाना, म्हणजे रॉयल्टीची भानगड नाही), ऑफिसच्या कोडची एक ओळही नाही. पण करारात 'नोकरीच्या काळातली सर्व निर्मिती कंपनीची' असं कलम आहे. एचआर "कळवतो" म्हणाले, ते कळवणं अजून चालूच आहे! कॉपीराइट कायदा १९५७ चं कलम १७ वाचलं. त्यात नोकरीचा भाग म्हणून केलेलं काम मालकाचं, पण वेगळा करार नसेल तर. नोकरी सोडायची नाही. स्टीम या गेम विकायच्या ऑनलाइन दुकानात गेम टाकायचे १०० डॉलर भरण्याआधी लेखी ना-हरकत हवी. असं पत्र कुणी मिळवलंय का? त्यात नेमकं काय लिहून घेतलंत?