वाइन म्हणजे दारू नव्हे, हे नाशिककरांनी किती दिवस म्हणायचं?

गंगापूररोडकर:
रविवारी घरी पाहुणे होते. काका तिसरा ग्लास भरून घेत म्हणाले, "अरे, ही काय दारू आहे का? द्राक्षाचा रस. हृदयाला चांगला." आपल्याकडे हे वाक्य कोणीही म्हणतं. २०२२ मध्ये सुपरमार्केटात वाइन विकण्याचा निर्णय झाला, तेव्हाही हेच ऐकलं.

बाटली फिरवून पाहिली. १३ टक्के. १५० मिलीच्या ग्लासात साधारण १५ ग्रॅम अल्कोहोल, म्हणजे व्हिस्कीचा दीड छोटा पेग. काकांचे साडेचार झाले! यकृत तासाला आठ-दहा ग्रॅम निपटतं, त्यामुळे पाचेक तास ते त्यातच गुंतलेलं. त्यातून मधल्या टप्प्यावर अ‍ॅसिटाल्डिहाइड नावाचं विषारी रसायन तयार होतं, ते पेशींच्या डीएनएला इजा करतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मद्याला १९८८ मध्येच पहिल्या गटात, म्हणजे माणसाला कर्करोग होतो हे सिद्ध झालेल्या गोष्टींत टाकलंय, जिथे तंबाखूही आहे. माझं म्हणणं एवढंच, प्यायची तर दारू म्हणून प्या.

निफाडचा बागायतदार:
आलं का परत वाइनवर? आमच्याकडे शेनिन ब्लां आहे, वाइनच्या द्राक्षाची जात, दोन एकर. खायच्या द्राक्षाला मण्याचा आकार, रंग, सगळं बघतात, अवकाळी आला की माल गेला. वाइनच्या द्राक्षाला निदान कराराचा भाव असतो. काकांना तीन ग्लास कोणी सांगितले? जेवणासोबत एक घ्या. आणि गावात रोज देशी पिऊन पडतात त्यांच्यावर धागा काढा की.

गंगापूररोडकर:
दादा, तुमच्या द्राक्षाला मिळणाऱ्या दराशी माझं भांडण नाही. पण देशीत जे इथेनॉल आहे तेच शेनिनमध्ये आहे. यकृत लेबल वाचत नाही.

पंचवटी७२:
जरा दुसरी बाजू. थोडी पिणाऱ्यांना हृदयविकार कमी, असं दाखवणारे कितीतरी अभ्यास झालेत. ते सगळे खोटे? आणि मिसळीवर वाटीभर तर्री ओतून घेणाऱ्यांनी यकृताची काळजी करावी, हेही गंमतच.

सिडकोची सिस्टर:
खोटे नाहीत, तुलना फसवी होती. 'न पिणारे' म्हणून जे धरले त्यांच्यात आजारपणामुळे सोडलेलेही होते. ते वेगळे काढले की फायदा बराचसा विरतो. रेड वाइनमधल्या रेस्वेराट्रॉलचं, म्हणजे द्राक्षाच्या सालीतल्या एका घटकाचं, कौतुक सांगतात, पण ते ग्लासात नावापुरतंच.

सातपूर सेकंड शिफ्ट:
मॅडम, मी शनिवारी दोन पेग घेतो आणि मस्त झोप लागते. ते पण फसवं का?

सिडकोची सिस्टर:
लागते, पण टिकत नाही. दारू मेंदूला शांत करणाऱ्या 'गाबा' या रसायनाला जोर देते आणि त्याला चेतवणाऱ्या ग्लुटामेटला दाबते, म्हणून गुंगी. उतरू लागली की उलटं होतं, पहाटे तीनला डोळे टक्क उघडे. आणि लघवी रोखणारं हार्मोन दबतं, म्हणून त्या फेऱ्या आणि सकाळचा कोरडा घसा.

रोज पिणाऱ्याचा मेंदू या दाबाला सरावतो, दारू एकदम थांबली की बिथरतो. आमच्या वॉर्डात पाय मोडून आलेले एक गृहस्थ दोन दिवस शहाण्यासारखे होते. तिसऱ्या रात्री चादरीवरून नसलेल्या मुंग्या वेचायला लागले, बायकोला ओळखेनात. घरच्यांनी पिण्याचं सांगितलंच नव्हतं. अशांना सलाइनमधून ग्लुकोज देताना आधी बी-१ जीवनसत्त्व द्यावं लागतं, नाहीतर स्मृती कायमची जाऊ शकते.

पंचवटी७२:
हे टोकाचं उदाहरण झालं. महिन्यातून एक ग्लास घेणाऱ्याला मुंग्या दिसत नाहीत.

सिडकोची सिस्टर:
नाहीच दिसत. पण म्हणून तो ग्लास औषध ठरत नाही.

निफाडचा बागायतदार:
औषध मी म्हटलंच नाही. चवीचं पेय आहे, चवीनं घ्या. आमची वेल मात्र वाईट म्हणू नका.

सातपूर सेकंड शिफ्ट:
माझं सोडा. मेव्हणा दहा वर्षं रोज क्वार्टर घेतोय. बहिणीने गुढीपाडव्याला देवापुढे शपथ घ्यायला लावायचं ठरवलंय, त्या दिवसापासून एक थेंब नाही. जमेल ना?

सिडकोची सिस्टर:
सकाळी हात थरथरतात का?

सातपूर सेकंड शिफ्ट:
हो. चहाचा कप दोन्ही हातांनी धरतो.

सिडकोची सिस्टर:
मग घरच्या घरी एकदम बंद करू नका, फिट येऊ शकते. पाडव्याची वाट बघू नका, या आठवड्यातच डॉक्टरांकडे न्या आणि किती घेतो ते खरं सांगा.