सईचा स्वालबार्ड प्रवास: फॅमिली ग्रुपवरची चर्चा

सुलूमावशी: सई, तिकिटं बघितली. ऑस्लो, ट्रॉम्सो, मग नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरचं लाँगइयरबायन, इथवर कळलं. पुढे आपलं आर्क्टिक संशोधन केंद्र हिमाद्री आहे त्या नी-ऑलेसुंडचं तिकीट कुठंय?

सई: ते आपण काढायचं नसतं मावशी. किंग्ज बे नावाच्या कंपनीचं गाव आहे ते, छोट्या विमानातली जागाही त्यांच्यामार्फतच मिळते. हिमाद्री चालवणाऱ्या गोव्यातल्या वास्कोच्या ऑफिसने आमची नावं कळवली आहेत. अंतर साधारण 110 किमी, पंचवीसेक मिनिटांत पोचतो.

विनयमामा: म्हणजे पुणे-सातारा! मग गाडीने जा की. एवढ्याला विमान कशाला?

सई: रस्ताच नाही मामा. स्वालबार्डमध्ये एका गावातून दुसऱ्या गावाला जायला रस्ते नाहीतच. मध्ये हिमनद्या आणि फ्योर्ड, म्हणजे डोंगरांमधल्या खोल खाड्या. हिवाळ्यात स्नोस्कूटर, उन्हाळ्यात बोट, तीही किनाऱ्याने लांबचा वळसा घालून. शिवाय वस्तीबाहेर अस्वलांची भीती, बंदूक घेऊनच निघतात.

ओंकारदादा: ट्रॉम्सो ते लाँगइयरबायन साधारण 950 किमी, दीड तासाच्या थोडं वर. ते मोठं जेट आहे, त्याची मला काळजी नाही. काळजी शेवटच्या 110 किमीची. डॉर्नियर 228, आपल्या कोस्ट गार्डकडे असतं तेच, जास्तीत जास्त 19 माणसांचं. पलीकडे खडीची छोटी धावपट्टी. जुलैत तिथे सूर्य मावळत नाही, म्हणून अंधाराचा प्रश्न नाही, पण धुकं उतरलं की विमान निघत नाही. सई, तू येताना सकाळी नी-ऑलेसुंडहून निघून त्याच दुपारी ऑस्लोची फ्लाइट धरली आहेस. असं करू नकोस. मध्ये दोन दिवस ठेव.

विनयमामा: दोन दिवस राहायचा खर्च? नॉर्वेत सगळंच महाग.

ओंकारदादा: एक फ्लाइट चुकली तर पुढचं मुंबईचं तिकीटही जातं मामा, ते कितीला पडेल बघा. आणि व्हिसा? स्वालबार्ड शेंगेनच्या, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाच्या, बाहेर आहे. जाताना शेंगेनमधून बाहेर पडल्याची नोंद होते, येताना पुन्हा एंट्री लागते.

सई: मल्टिपल एंट्री आहे दादा. मुदतही परतीच्या तारखेनंतर आठवडाभर आहे.

ओंकारदादा: मग दोन दिवस आरामात बसतात.

सुलूमावशी: पोचलीस की लगेच व्हिडिओ कॉल कर गं. हिमाद्री बघायचंय मला. 2008 साली सुरू झालं तेव्हा पेपरात फोटो आला होता.

सई: तिथून नाही जमणार मावशी. पृथ्वीचं मोजमाप करणाऱ्या मोठ्या अँटेना आहेत, त्यांना अडथळा नको म्हणून गावात वायफाय, ब्लूटूथ बंद. फोन फ्लाइट मोडवर. लॅपटॉपला केबल लावून मेल करीन, फोटोही पाठवीन.

सुलूमावशी: मग त्या छोट्या विमानात बसायच्या आधी लाँगइयरबायनहून कर. रात्रीचे दोन वाजले तरी चालेल.

विनयमामा: ओंकारचं पटलं. खर्चाचं मी बघतो, तू तारीख बदल.

सई: ऑफिसला आत्ताच लिहिते मामा. परतीची फ्लाइट दोन दिवस पुढे.