'टाइप ॲनोटेशन'ले मराठीत काय म्हणावं?

प्रश्न: आर्वीकडल्या गावातून आमी काही जण एका ओपन-सोर्स पायथन प्रोजेक्टले टाइप (म्हंजे कोणत्या जागी कोणत्या प्रकारचा डेटा येईन ते) लावून राहिलो. बाजारभावाचा डेटा वाचणारा प्रोजेक्ट हाये. नव्या पोरायसाठी मराठीत माहिती लिहायची हाये, तं 'टाइप ॲनोटेशन' आन् 'टाइप हिंट' एकच का? हिंटले 'इशारा' चालन का?

– इशारा नको भाऊ. आपल्याकडं इशारा म्हटला का गारपिटीचा, नाईतं धरणाचे दरवाजे उघडाचा, पोराले वाटन कोडमंधी काही बिघडलं. 'सूचना' बी नको, त्यात हुकूम येते. आन् दोन शब्दांत फरक हाये. ॲनोटेशन म्हंजे कोलन देऊन लिहिलेली नोंद, ते पायथन ३.० पासून फंक्शनले लिहिता येत होती, पण तिचा अर्थ काय घ्याचा हे भाषेनं मोकळंच ठेवलं होतं, मंग २०१५ मधी ३.५ सोबत पेप ४८४ (पायथनमंधी बदल सुचवणारा दस्तऐवज) आला, त्याचं नावच 'टाइप हिंट्स', त्यानं सांगतलं का या नोंदीतून टाइप समजाचा. व्हेरिएबलले नोंद लिहाची सोय ३.६ मधी आली. मी तं 'टाइपची नोंद' लिहीन.

– दादा, 'नोंद' मलाही पटतो, कारण त्यात सक्ती नाही. पोत्यावर 'तूर' लिहिलं आणि आत हरभरा भरला तरी पायथन पोतं उघडून पाहत नाही, प्रोग्राम चालतो. पाहतो तो मायपाय, म्हणजे टाइप तपासणारा वेगळा प्रोग्राम, तोही कोड न चालवता. म्हणून 'टाइपचं बंधन' कृपया कुठंच लिहू नका. आणि एक सांगून ठेवते, ज्या फंक्शनला एकही नोंद नाही त्याच्या आतलं मायपाय आपणहून तपासतच नाही, हे पोरांना पहिल्याच पानावर सांगा.

– टाइप लिहिताना येते त्या 'ऑप्शनल' शब्दाचं काय करता? बरेच जण 'ऐच्छिक' लिहितात, थे साफ चूक हाये. लिलाव नसला त्या दिवशी भाव देणारं फंक्शन नन (म्हंजे 'काहीच नाई') देते, नाईतं फ्लोट (दशांश संख्या), म्हून त्याचा टाइप ऑप्शनल फ्लोट, म्हंजे 'फ्लोट नाईतं नन', बस. पॅरामीटर सोडता येते का नाई याच्याशी त्याचा संबंध नाई, सोडाचं असन तं डिफॉल्ट व्हॅल्यू द्यावीच लागते. ३.१० पासून मधात उभी रेघ मारून फ्लोट आन् नन सरळ लिहिता येते, पोरायले तेच शिकवा, मंग हा शब्दच लागत नाई.

प्रश्न: पटलं. आन् 'एनी' हा टाइप? त्याले 'कोणताही' लिहू?

– नाई. 'कोणताही' हा अर्थ 'ऑब्जेक्ट' या दुसऱ्या टाइपचा हाये, तिथं मायपाय तपासते, भलतं मेथड बोलावलं तं अडवते. एनी लिहिलं का त्या जागी तपासणीच बंद. 'इथं तपासू नको' असं लिहा, लांब झालं तरी चालन.