कस्टमर म्हणतोय 'एससीसीपी नाही' असं लिहून द्या. सही मारू का?

शिरोलीकर_टर्नर

नमस्कार मंडळी. कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत आमचं जॉबवर्कचं युनिट आहे. वडलांनी उद्यमनगरात एका लेथवर सुरू केलेलं, आता चार सीएनसी आणि एक जुनं ब्रोचिंग (खाचा कापायचं) मशीन. पुण्याच्या एका कस्टमरला स्टेनलेसचे व्हॉल्व्हचे पार्ट देतो, तो ते पुढं जर्मनीला पाठवतो.

गेल्या आठवड्यात त्याचा चार पानी फॉर्म आला. त्यात एक ओळ अशी, की मालात आणि मशीनिंगच्या तेलात शॉर्ट चेन क्लोरिनेटेड पॅराफिन (एससीसीपी) नाही. त्याखाली तेच, पण मीडियम चेनसाठी. शेवटी माझं नाव, शिक्का, सही.

टॅपिंगला (भोकात आटे पाडायला) आणि ब्रोचिंगला आम्ही जे नीट ऑइल (पाणी न मिसळता वापरायचं तेल) वापरतो ते काकवीसारखं दाट. हाताला दोनदा साबण लावला तरी चिकटपणा जात नाही. पण काम करतं राव! साध्या तेलावर एम८ चा टॅप शंभर-सव्वाशे भोकांत बसतो, यावर चारशे सहज निघतात. सप्लायरला फॉर्म दाखवला तर म्हणाला, "मारा की सही, सगळेच मारत्यात." एमएसडीएस (तेलात काय आहे ते सांगणारा कागद) मागितली तर एकच पान आलं: मिनरल ऑइल आणि ईपी (जादा दाब सोसायचं) अ‍ॅडिटिव्ह, कंसात प्रोप्रायटरी, म्हणजे कृती गुप्त. झालं.

बंदी कुठं परदेशात ठरली, केमिकल बनवलं भलत्यानं आणि सही मात्र माझी. हे नक्की काय प्रकरण आहे, आणि ड्रममध्ये ते आहे की नाही हे मी बघायचं कसं?

रिटायर्ड_ब्लेंडर

सही करू नका, आधी हे वाचा. मी २६ वर्षं कटिंग ऑइलच्या ब्लेंडिंगमध्ये काढली, आता राजारामपुरीत नातवंडं सांभाळतो.

एवढं दाट तेल आणि 'प्रोप्रायटरी ईपी' म्हणजे बहुतेक सीपीडब्ल्यूच, क्लोरिनेटेड पॅराफिन वॅक्स. टॅपच्या धारेशी तापलं की त्यातला क्लोरीन सुटतो, लोखंडाशी मिळून पातळ थर धरतो आणि टॅप जॉबला चिकटत नाही. तुमची चारशे भोकं तिथून येतात. शिवाय स्वस्त. कॉस्टिक सोडा बनवताना क्लोरीन निघतोच, तो कुठंतरी खपवायला लागतो, त्यातला काही असा पॅराफिनमध्ये जातो. आपल्याकडं हा माल क्लोरीनच्या टक्क्यावर विकला जातो. कार्बनची साखळी किती लांब हे बिलावर कोण लिहितंय?

आणि सगळी भानगड त्या साखळीची आहे. १० ते १३ कार्बन म्हणजे शॉर्ट चेन. ती निसर्गात लवकर मोडत नाही, चरबीत साठते, वाऱ्या-पाण्याबरोबर आर्क्टिकपर्यंत पोचते. अशा रसायनांसाठी २००१ मध्ये स्टॉकहोम करार झाला, २००४ पासून लागू. सुरुवातीला त्याच्या बंदी-निर्बंधाच्या यादीत डीडीटी, पीसीबी धरून १२ होती. शॉर्ट चेनचा प्रस्ताव युरोपियन युनियननं २००६ मध्ये मांडला आणि ती यादीत आली २०१७ मध्ये. मधली अकरा वर्षं? कराराची तज्ज्ञ समिती ३१ जणांची, तिथं उद्योगांच्या संघटना निरीक्षक म्हणून बसतात. मत देता येत नाही. पण माल किती बनतो, कुठं जातो, पर्याय किती महाग पडतो हे आकडे त्यांच्याकडेच. त्यांच्याशिवाय यादी पुढं सरकत नाही आणि त्यांच्यामुळंच अडते, हे दोन्ही खरं. सगळेच अडवतात असंही नाही. थ्रीएम या अमेरिकन कंपनीनं पीएफओएस (डाग-पाणी धरू न देणारं रसायन) बंद करायचं २००० सालीच जाहीर केलं, ते यादीत आलं २००९ मध्ये.

आता माझ्याच बाजूचं सांगतो. शॉर्ट चेनवर बोट आलं तेव्हा आम्हाला वरून आदेश आला, मीडियम घाला. १४ ते १७ कार्बन, बाकी कृती तीच. ड्रमवर 'एससीसीपी फ्री'चं स्टिकर. ते मी स्वतःच्या हातानं चिकटवलंय. मग २०२१ मध्ये ब्रिटननं मीडियमचाही प्रस्ताव दिला आणि मे २०२५ मध्ये जिनिव्हात तीही यादीत गेली, काही वापरांना मुदतीची सवलत देऊन. तुमच्या फॉर्मवरची दुसरी ओळ ती ही.

भारतानं सुरुवातीलाच लिहून दिलंय की नवं रसायन आम्ही स्वतः मंजूर केल्याशिवाय आम्हाला लागू नाही. त्यामुळं दारात सरकारच्या आधी जर्मन गिऱ्हाईक येतं. युरोपात शॉर्ट चेनची मर्यादा मिश्रणात १ टक्का, वस्तूत ०.१५ टक्के.

तपासायला तांब्याची तार घ्या. गॅसच्या निळ्या ज्योतीत लाल करा, ज्योतीला रंग येईनासा होईपर्यंत. तेलाचा अगदी बारका थेंब लावून परत धरा. हिरवी ज्योत आली तर क्लोरीन आहे. उघड्यावर करा, वाऱ्याकडं पाठ करून, धूर छातीत घेऊ नका. यातून शॉर्ट की मीडियम हे कळत नाही, त्याला लॅबच लागते.

फौंड्री_गोकुळ_शिरगाव

तेल आणि पार्ट बघितले, पण टर्निंग (कापताना निघणारा धातूचा किस) कुठं जातंय? तुमच्यासारख्यांचं तेलानं निथळणारं टर्निंग भंगारवाल्याकडनं भट्टीवर येतं. चार्ज (भट्टीतला माल) टाकला की पहिला जो पांढरा धूर उठतो तो त्या तेलाचा. तेलात क्लोरीन असला की त्या धुरात डायॉक्सिन हे जहाल विष तयार होऊ शकतं, आणि ते स्टॉकहोमच्या पहिल्या बारातलं. भट्टीवरच्या पोरांना एवढंच कळतं की 'आज डोळं चुरचुरत्यात'. आम्ही आता ओलं टर्निंग परत पाठवतो. भंगारवाला शिव्या घालतो.

कागलकर_शेती

तुमच्यातलं काही कळत नाही, पण स्टिकरची गोष्ट ओळखीची वाटली. एन्डोसल्फान हे कीटकनाशक आम्ही भाजीवर, तंबाखूवर मारलंय. दुकानदार म्हणायचा, हे बंद झालं तर शेतकरी मेला. १३ मे २०११ ला सुप्रीम कोर्टानं थांबवलं, केरळात कासारगोडच्या काजूबागांतली माणसं सोसून झाल्यावर. त्याच हंगामात त्याच फळीवर दुसरी बाटली, तोच दुकानदार, तेच वाक्य. उसाच्या वाळवीला क्लोरपायरीफॉस देतो, तेही २०२५ च्या त्याच बैठकीत यादीत गेलं म्हणे.

शिरोलीकर_टर्नर

काका, तार धरून बघितली. शेडमागं, ऑपरेटर पोरं गोळा झालेली. पहिल्यांदा कोरी तार, काही नाही. मग कूलंट, काही नाही. मग टॅपिंग ऑइलचा थेंब, आणि पोपटाच्या पिसासारखी हिरवी ज्योत. एक पोरगं म्हणालं, "सायेब, दिवाळी!" त्याच्या बनियनवर तेच तेल होतं.

सप्लायरला व्हिडिओ पाठवला. दोन निळ्या टिका, उत्तर नाही.

फॉर्म कोरा ठेवलाय. दुसऱ्याकडनं गंधकाचं तेल वीस लिटर आणलं. वास सडक्या अंड्यासारखा, पितळेचा एक जॉब काळा पडला, टॅप २६० भोकांवर गेला. जुना अर्धा ड्रम पडून आहे. भंगारवाला सेंट्रिंगच्या प्लेटांना लावायला मागतोय. दिला नाही, पण घातक कचऱ्याच्या गाडीला एवढ्याशा मालासाठी बोलवायचं तर भाडं बघूनच घाम फुटला.

दर भोकाला किती पैसे वाढतात याचा हिशोब मांडून कस्टमरला मेल केली, रेट थोडा वाढवून द्या म्हणून. आज उत्तर आलं, एका ओळीचं: 'काइंडली शेअर साइन्ड डिक्लेरेशन बाय ईओडी.' म्हणजे आजच्या आज सही करून पाठवा.

फौंड्री_गोकुळ_शिरगाव

अर्धा ड्रम तसाच झाकून ठेव. माझ्याकडं तसले दोन आहेत, आणखी कुणाकडं असले तर एकच गाडी बोलवू, भाडं वाटून घेऊ. फोन करतो.